‘पिटा’खाली गुन्हा दाखल झाल्यास आधी कलम वाचावे

देहविक्रयाच्या संदर्भात कोणावर गुन्हा दाखल झाला की सगळे ‘पिटाची केस’ एवढेच म्हणतात आणि तेवढ्यावरच घरच्यांचा धीर सुटतो. वास्तविक ‘पिटा’ म्हणजे अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम, १९५६; या एकाच कायद्यात कुंटणखाना चालवणारा, दलाल, गिऱ्हाईक आणि रस्त्यावर उभी राहणारी स्त्री यांच्यासाठी वेगवेगळी कलमे आहेत. म्हणून एफआयआरची प्रत मिळवून त्यातील कलमांचा रकाना प्रथम पाहावा.

देहविक्रय करणे हाच मुळात गुन्हा आहे, हा समज चुकीचा आहे. सज्ञान व्यक्तीला केवळ त्या कारणासाठी शिक्षा देणारी तरतूद या कायद्यात नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये मालाडच्या एका प्रकरणातील तीन स्त्रियांची सुधारगृहातून सुटका करताना स्पष्ट केले होते.

सार्वजनिक ठिकाणी, किंवा तेथून दिसेल अशा रीतीने घराच्या खिडकीतून वा गच्चीतून, शब्दांनी किंवा खाणाखुणांनी गिऱ्हाईक बोलावणे हा कलम ८ चा गुन्हा आहे. पहिल्या दोषसिद्धीला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाचशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दंडाचा आकडा लहान दिसतो, त्यामुळे ‘गुन्हा कबूल करा, दंड भरा आणि मोकळे व्हा’ असा सल्ला सहज दिला जातो. माझ्या मते वकिलाशी बोलल्याशिवाय तो मुळीच मानू नये. ती कबुली दोषसिद्धी म्हणून नोंदली जाते आणि पुढच्या वेळी कैदेची मर्यादा एक वर्षावर जाते. शिवाय कलम ७ किंवा ८ खाली दोषी ठरलेल्या स्त्रीला कलम १०-अ नुसार कैदेऐवजी दोन ते पाच वर्षे सुधार संस्थेत ठेवण्याचा आदेश होऊ शकतो, म्हणजे हा काळ मूळ कैदेपेक्षाही कितीतरी मोठा ठरतो. कलम ८ चा गुन्हा पुरुषाने केला असेल, तर त्याला किमान सात दिवस आणि कमाल तीन महिने कैद सांगितलेली आहे.

कलम ७ जागेशी संबंधित आहे. प्रार्थनास्थळ, शाळा, वसतिगृह किंवा रुग्णालय यांपासून दोनशे मीटरच्या आत, तसेच अधिसूचित (सरकारने त्यासाठी जाहीर केलेल्या) क्षेत्रात देहविक्रय झाल्यास ती व्यक्ती आणि तिचे गिऱ्हाईक अशा दोघांनाही तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून घटनास्थळाचे वर्णन आणि अंतर कागदावर नेमके कसे नोंदले आहे, हे वकिलाला दाखवावे. समोरची व्यक्ती अठरा वर्षांखालील असेल, तर पोक्सोसारख्या (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या) कायद्याची फार कठोर कलमे लागतात. ती तस्करीतून आणलेली आहे हे ठाऊक असताना, किंवा तसे मानण्यास कारण असताना, तिचे लैंगिक शोषण करणाऱ्याला भारतीय न्याय संहितेचे कलम १४४ लागू होते. त्यात व्यक्ती सज्ञान असली तरी तीन ते सात वर्षे सक्तमजुरी आहे.

छाप्याचे कागद बारकाईने तपासावेत. पोलीस बहुधा बनावट गिऱ्हाईक पाठवतात आणि त्याला दिलेल्या नोटांचे क्रमांक पंचनाम्यात आधीच लिहून ठेवतात. जप्त झालेल्या नोटा त्याच आहेत का, वॉरंटशिवाय झडती घेताना कलम १५ नुसार पंचांमध्ये किमान एक स्त्री होती का, पथकात दोन महिला पोलीस होत्या का आणि स्त्रियांची चौकशी महिला अधिकाऱ्यानेच केली का, हे प्रश्न बचावासाठी महत्त्वाचे असतात.

अटकेची कारणे लेखी मागावीत. प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करणे पोलिसांवर बंधनकारक आहे. वकील परवडत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा. स्त्रियांना ही मदत उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य मिळते.