बर्फातल्या ट्रेकसाठी स्पाइक्स घेताय? आधी या चुका टाळा

डिसेंबर जवळ आला की आपल्या नागपूरच्या ट्रेकिंग ग्रुपांवर एकच प्रश्न फिरायला लागतो, "भाऊ, स्पाइक्स कोणते घेऊ?" आणि विचारणारा पायात जोडे कोणते घालणार हे सांगतच नाही. खरी गडबड इथंच होते. स्पाइक्स म्हणजे बर्फावर घसरू नये म्हणून जोड्याखाली चढवायचे दात, पण ते एकटे काहीच करत नाहीत, जोडा कसा आहे आणि खाली बर्फ कसा आहे यावर सगळं ठरतं, आणि आपण राहतो ३०० मीटरच्या आसपास जिथं बर्फ पाहायलाच मिळत नाही, मग फोटो आणि स्टार बघून ऑर्डर होते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मायक्रोस्पाइक्स आणि क्रॅम्पॉन एकच समजणं. मायक्रोस्पाइक्स म्हणजे ताणला जाणारा रबरी पट्टा, खाली साखळ्या आणि साधारण एक सेंटीमीटरचे दात. कोणत्याही ट्रेकिंगच्या जोड्यावर चढतात, आणि उत्तराखंडातल्या केदारकंठा किंवा ब्रह्मतालसारख्या ट्रेकवर मळलेल्या वाटेचा बर्फ रात्रीतून कडक होतो त्याच्यासाठी एकदम बरोबर. क्रॅम्पॉन वेगळी गोष्ट आहे, लोखंडी फ्रेम, १० किंवा १२ लांब दात, तीव्र उतारासाठी. ते नरम जोड्यावर बांधले तर पाऊल टाकताना जोडा वाकतो आणि फ्रेम वाकत नाही, मग क्रॅम्पॉन निसटतो नाहीतर फ्रेमच तुटते. म्हणून जोड्यांना बी-० ते बी-३ आणि क्रॅम्पॉनला सी-१ ते सी-३ अशी जोडी लावलेली असते. बी-० म्हणजे आपले नेहमीचे नरम ट्रेकिंग शूज, त्यावर क्रॅम्पॉन नाहीच. बी-१ ला पट्ट्यांचा सी-१ चालतो, सी-२ च्या टाचेतल्या खटक्यासाठी जोड्याला मागे खाच लागते आणि सी-३ ला पुढं पण. जास्त महाग म्हणजे जास्त सुरक्षित असं समजून साध्या ट्रेकला क्रॅम्पॉन घेऊ नका, सवय नसेल तर त्याचा दात दुसऱ्या पायाच्या पँटमध्ये अडकून माणूस तोंडावर पडतो.

आणि याच्या उलटही होतं. उतार खडा आहे, खाली दरी आहे, घसरलो तर थांबायला जागा नाही, तिथं मायक्रोस्पाइक्सच्या भरवशावर जाणं चूकच. तिथं क्रॅम्पॉन, आइस ॲक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड) आणि ते वापरायचं शिक्षण लागतं, उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था किंवा दार्जिलिंगची एचएमआय (हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट) तेच शिकवतात.

मे महिन्यातली चूक वेगळी. इकडे पारा ४५ कडे चाललेला असतो आणि वाटतं उन्हाळ्यात कसला बर्फ. हिमालयातला रुपिन पास ४,६५० मीटरवर आहे, सीझनच्या सुरुवातीला शेवटची घळ बर्फानं भरलेली असते. तारीख पाहून ठरवू नका, ट्रेक लीडरला विचारा की या आठवड्यात वर बर्फ किती आणि कसा आहे.

जुने जोडे, याबद्दल मला जरा जास्तच सांगायचंय. बऱ्याच ट्रेकिंग जोड्यांचा मधला थर पॉलियुरेथेनचा असतो, ओलावा आणि उष्णता लागून तो आतून भुसभुशीत होतो, तुम्ही जोडा वापरला नाही तरीही! माळ्यावर डब्यात ठेवलेला जोडा आपला उन्हाळा आणि मागून पावसाळा असे तीन-चार वर्षं खातो, वरून नव्यासारखा दिसतो आणि केदारकंठ्याच्या पायथ्याच्या सांकरी गावाच्या वर दुसऱ्या दिवशी सोल उघडतो. त्यावर स्पाइक्स चढवले असतील तर ओढ आणखी जास्त. म्हणून मधला थर अंगठ्यानं दाबा, जोडा वाकवा, भेगा दिसल्या किंवा चुरा पडला तर तो जोडा न्यायचाच नाही. ठीक वाटला तरी रामटेकच्या पायऱ्यांवर, सेमिनरी हिल्सला पाठीवर वजन घेऊन काही रविवार चाला, म्हणजे सोल आणि टाच दोन्ही कळतात.

सोल चांगला आहे म्हणून स्पाइक्स नको, असंही म्हणू नका. १९३५ मध्ये इटालियन आल्प्समध्ये सहा सोबती मरण पावल्यावर गिर्यारोहक व्हिताले ब्रामानीनं खोल खाचांचा रबरी सोल बनवला, १९३७ पासून तो व्हिब्रम नावानं आला. दगडावर, चिखलात, मऊ बर्फात तो कामाचा आहे पण कडक निळसर बर्फावर रबर रुततच नाही, तिथं लोखंडच पाहिजे.

साइज रोजच्या बुटाच्या नंबरावरून घेऊ नका, हिवाळी ट्रेकिंगचा जोडा बाहेरून जाड असतो. पट्टा फार टाइट बसला तर बोटं दाबली जातात, रक्त कमी पोचतं आणि थंडीत हे धोक्याचं. ढिला असला तर तिरक्या उतारावर दात बाजूला सरकतात. घरीच जाड मोजे आणि हातमोजे घालून चढवून बघा, मग कच्च्या मातीवर चाला, घरच्या टाइल्सवर नाही. साखळीच्या कड्या नीट जोडलेल्या पाहिजेत. स्वस्त मालात कडी नुसती वाकवलेली असते, ती ओढ बसली की उघडते. खिळ्यासारखी छोटी बटणं असलेले रबर शहरातल्या निसरड्या फुटपाथसाठी असतात, डोंगरासाठी नाही. भाड्यानं घेताय तरी हेच तपासा.

आता वर गेल्यावर काय होतं ते. पहाटे तीनला समिटला निघताना रबर थंडीनं ताठ झालेलं असतं, म्हणून रात्री स्पाइक्स तंबूत आत घ्या आणि सॅकच्या तळाशी ठेवू नका. उतार सुरू व्हायच्या आधी, सपाट जागेवर बसून घाला, घसरायला लागल्यावर एका पायावर उभं राहून घालता येत नाही. दुपारी बर्फ ओला झाला की तळव्याखाली गोळा जमतो आणि दात खालपर्यंत पोचतच नाहीत, काठीनं जोड्याच्या बाजूला टोले देत चला. ताज्या भुसभुशीत बर्फात दात धरणार कशाला, तिथं गेटर, म्हणजे जोड्यात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवर घालायचं आवरण, जास्त कामाचे. मोठा दगडांचा पट्टा लागला की काढा, दात बोथट होतात आणि घोटा मुरगळतो. आणि बसून घसरत उतरायचं असेल तर स्पाइक्स काढल्याशिवाय अजिबात नाही, दात अडकला की पाय मोडतो.

विमानानं जात असाल तर चेक-इन सामानात टाका, केबिनमध्ये नको. परत आल्यावर धुवून पुसून पूर्ण वाळवा, गंज लागतो. क्रॅम्पॉनचे दात बोथट झाले तर हातानं कानस मारा, ग्राइंडर लावू नका, उष्णतेनं पोलादाचं पाणी उतरतं.