नॅनोमध्ये एमएस्सी करताय? आधी नेटचा सिलॅबस उघडून बघा

नॅनोसायन्समध्ये एमएस्सी होऊन मला बरीच वर्षं झाली, तरी जाहिरातीत 'पात्रता' हा शब्द दिसला की अजून पोटात गोळा येतो. म्हणून लिहितोय.

सीएसआयआर-नेटला, म्हणजे विज्ञानातल्या लेक्चररशिप आणि संशोधन फेलोशिपच्या पात्रता परीक्षेला, नॅनोचा वेगळा पेपर नाही. एमटेक-पीएचडी प्रवेशाच्या गेट परीक्षेलाही नाही, तिथे फार तर एक्सई (इंजिनिअरिंग सायन्सेस) पेपरमधला मटेरियल सायन्सचा सेक्शन जवळचा. मला हे शेवटच्या सेमिस्टरला कळलं. मग मी फिजिकल सायन्सेस धरलं आणि सिलॅबस काढून बसलो तर क्लासिकल मेकॅनिक्स, इलेक्ट्रोमॅग्नेटिक थिअरी, स्टॅटिस्टिकल फिजिक्स, पुढे न्यूक्लिअर आणि पार्टिकलसुद्धा! आमच्याकडे क्वांटम डॉट, नॅनोट्यूब, एक्सआरडी (एक्स-रेने स्फटिकरचना तपासणं), टीईएम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) हे मनापासून शिकवलं होतं, पण मूळ फिजिक्स आणि केमिस्ट्री दोन्ही थोडं थोडं, म्हणजे पेपर सोडवायला दोन्ही अपुरं. माझे दोन अटेम्प्ट त्यातच गेले. नंतर एका कॉलेजात लेक्चररशिपला अर्ज केला तर पीजी फिजिक्समध्ये नाही म्हणून छाननीतच बाद. मार्क चांगले होते हो, पण डिग्रीवरचं नाव आडवं आलं. त्या दिवशी घरी काय सांगायचं तेच कळेना.

त्यामुळे आत्ता बीएस्सी झालेल्यांनी फिजिक्स किंवा केमिस्ट्रीत एमएस्सी करा, प्रोजेक्ट नॅनोवर घ्या आणि पीएचडीला खुशाल नॅनोत या. आधीच अ‍ॅडमिशन घेतली असेल तर घाबरू नका, खरंच नका, फक्त पहिल्या सेमिस्टरपासून एक मूळ विषय धरून रोज दोन तास द्या. आणि जिथे जायचंय तिथल्या जुन्या जाहिराती आजच काढून वाचा, 'संबंधित विषय' असं लिहिलंय की थेट 'फिजिक्स', एवढ्या एका शब्दावर सगळं अडतं.

दुसरं म्हणजे प्रोजेक्ट. बरेच जण सिल्व्हर नॅनोपार्टिकल बनवतात: तुळशीच्या पानांचा अर्क, सिल्व्हर नायट्रेट, रंग पिवळसर तपकिरी झाला, यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रममध्ये ४०० नॅनोमीटरच्या आसपास पीक आला की झाला प्रोजेक्ट! हा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. अर्कातल्या कुठल्या घटकाने रिडक्शन केलं, म्हणजे सिल्व्हर आयनचं धातूत रूपांतर केलं, हे सांगता येत नसेल तर इंटरव्ह्यूत दुसऱ्याच प्रश्नाला अडकाल. त्यापेक्षा इन्स्ट्रुमेंटवर हात बसवा. कॉलेजात टीईएम नसेल तर आयआयटी मुंबईच्या सैफ (SAIF) या उपकरण केंद्रात बाहेरच्यांचे सॅम्पल फी घेऊन करून देतात, आणि क्लीनरूमसाठी (चिप बनवायची धूळमुक्त लॅब) आयनप (INUP) हा सरकारी प्रोग्रॅम आहे, त्यात आयआयटी मुंबई, आयआयएससी अशा ठिकाणी ट्रेनिंग मिळतं.

गाइड निवडताना पेपर मोजू नका, त्यांचे आधीचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले आणि आज कुठे आहेत ते त्या विद्यार्थ्यांनाच विचारा.

नोकऱ्या आहेत, पण 'नॅनोटेक्नॉलॉजिस्ट' नावाने शोधत बसलात तर हाताला फार काही लागणार नाही. पेंट-कोटिंग, बॅटरी मटेरियल, फार्मात फॉर्म्युलेशन (कोविडच्या एमआरएनए लशी लिपिड नॅनोपार्टिकलमधूनच दिल्या ना!), इन्स्ट्रुमेंट कंपन्यांत अ‍ॅप्लिकेशन सायंटिस्ट, आणि आता साणंद, धोलेराकडे सेमीकंडक्टर. संशोधनच करायचं असेल तर मोहालीची आयएनएसटी (नॅनो संशोधन संस्था), पुण्यात एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि सी-मेट (इलेक्ट्रॉनिक मटेरियलची सरकारी संस्था). त्यांच्या प्रोजेक्ट असोसिएटच्या जागा येत असतात, काहींना नेट लागत नाही. माझी गाडी तशाच एका जागेवरून रुळावर आली, तिसाव्या वर्षी.