गोंगाटात ध्यानाला शांतता कुठून आणायची?

पूर्ण शांतता मिळाली की मग ध्यान सुरू करू असं म्हणत बसलात तर ते कधीच सुरू होणार नाही, कारण तशी शांतता कुठे नसतेच. प्रयोगशाळांमध्ये आवाज शोषून घेणाऱ्या खास खोल्या असतात, भिंती छत सगळीकडे टोकदार फोम, जरासुद्धा घुमत नाही. संगीतकार जॉन केज १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला हार्वर्ड विद्यापीठातल्या अशाच एका खोलीत गेले होते आणि तिथेही त्यांना दोन आवाज ऐकू आले, एक बारीक, एक खर्जातला. तेव्हा शून्य आवाजाचा नाद सोडा, बसता येईल इतपत शांतता पुरते आणि ती बहुतेक वेळा जमवता येते.

आधी एक काम करा, जिथे बसणार आहात तिथे पाच मिनिटं डोळे मिटून नुसतं ऐका. सगळे आवाज सारखा त्रास देत नाहीत हे लगेच कळेल. पंखा, पाऊस, लांबचा ट्रॅफिक असले एकसुरी आवाज थोड्या वेळाने मेंदू आपोआप बाजूला टाकतो. अचानक येणारे म्हणजे हॉर्न, दार आपटणं, मोबाईलची टिंग, यांनी दचकायला होतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे माणसांचं बोलणं, कारण शब्द कानावर पडले की अर्थ लावायचं काम मेंदू आपल्याला न विचारताच सुरू करतो. भिंतीपलीकडच्या टीव्हीवरचं अर्धवट ऐकू येणारं भांडण बघा, आवाज पंख्यापेक्षाही कमी असतो पण सगळं लक्ष तिकडेच, कोण कुणाला काय म्हणालं. म्हणून माझं ठाम मत आहे की मेहनत करायची ती बोलणं आणि अचानक येणारे आवाज अडवण्यासाठी, बाकीच्यांशी भांडत बसू नका.

बोलणं अडवायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे पंखा लावा. विचित्र वाटेल, पण एकसुरी आवाजाखाली शब्द बुडून जातात. पंखा नसेल तर मोबाईलवर पावसाचा आवाज लावा, गाणं नको, आणि आवाज इतकाच ठेवा की पलीकडचे शब्द कळेनासे होतील, त्याच्या वर नेऊ नका.

मग खोली बघा. जिथून हवा येते तिथून आवाज येतो, त्यामुळे दाराखालच्या फटीत टॉवेल गुंडाळून ठेवला तरी बराच फरक पडतो. जाड पडद्यांवर फार भरवसा नको, खोलीतलं घुमणं ते कमी करतात पण बाहेरचा आवाज फारसा अडवत नाहीत. फोन सायलेंटवर नको, टेबलावर थरथरला तरी मन तिकडे धावतं, सरळ फ्लाइट मोडवर टाका आणि त्यावर पावसाचा आवाज लावलेला नसेल तर शक्यतो दुसऱ्या खोलीत ठेवा. घरातल्यांना पण 'मला जरा शांतता हवी' असं मोघम सांगू नका, 'साडेसहा ते पावणेसात हाक मारू नका' असं सांगा, वेळ ठरलेली असली की लोक पाळतात.

इअरप्लग वापरणारे बरेच जण ते नुसते कानात कोंबतात आणि मग काही उपयोग नाही म्हणतात. फोमचा प्लग स्वच्छ हातांनी बोटांत फिरवून बारीक, सुरकुती न पडलेली वळी करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, वळी आत सरकवा आणि फुगेपर्यंत साधारण अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा, फार खोल ढकलायचं नाही. नीट बसला तर स्वतःचा आवाज डोक्यात घुमल्यासारखा वाटतो आणि श्वास स्पष्ट ऐकू येतो, आणि तो श्वासच मग ध्यानाला धरता येतो, मला तर हा भाग फार आवडतो. नॉइज कॅन्सलिंग हेडफोन इंजिन, एसीच्या घरघरीवर मस्त चालतात, बोलण्यावर तेवढे नाही, हे खरेदी करण्याआधी लक्षात घ्या.

काहीच हाताशी नसेल तर भ्रामरी करा. अंगठ्यांनी कान हलकेच बंद करायचे, श्वास घ्यायचा आणि तोंड मिटून 'म्‌ऽऽ' करत सावकाश सोडायचा, कपाळात गुणगुण जाणवते आणि बाहेरचं मागे पडतं. पाच-सात वेळा करून मग गप्प बसा.

एवढं करूनही आवाज राहिलाच तर त्यालाच ध्यानाचा विषय करा. ट्रेनमध्ये, वेटिंग रूममध्ये हेच कामी येतं. आधी सगळ्यात जवळचा आवाज ऐका, मग त्याच्या पलीकडचा, मग अगदी लांबचा, आणि प्रत्येकाला मनात फक्त 'ऐकू येतंय' एवढंच म्हणा. कोणाचा, कशाला, कधी थांबणार यात शिरायचं नाही. शिरलात तर शिरलात, परत या.

आणि आवाजाचा त्रास होतो म्हणजे आपण कच्चे आहोत असं अजिबात समजू नका. पाली ग्रंथांत खुद्द बुद्धांनी आवाजाला ध्यानातला काटा म्हटलंय. अष्टांग योगातही इंद्रियं आत वळवण्याचा प्रत्याहार पाचव्या पायरीवर आहे, आसन प्राणायामाच्या नंतर, मग ते आपल्याला पहिल्याच आठवड्यात कसं जमेल?

शेजारी ड्रिलिंग चालू असेल तर त्या दिवशी हट्टाने बसू नका. खोलीतल्या खोलीत हळू चालत ध्यान करा, टाच टेकली, तळवा टेकला, पाय उचलला, एवढंच बघत. दणदणाटातही पावलं जाणवतात, आणि दहा मिनिटं अशी गेली तरी त्या दिवसाचं ध्यान झालंच की.