पर्वती उतरताना गुडघा दुखतोय? मग हे करून बघा

चढताना काही नाही, १०३ पायऱ्या धापा टाकत का होईना होतात, पण उतरायला लागलं की वाटीच्या मागे दुखायला लागतं. माझं दोन वर्षं हेच चाललं होतं. उतरताना अख्खं वजन एका वाकलेल्या गुडघ्यावर येतं आणि ब्रेक लावायचं काम मांडीच्या पुढच्या स्नायूचं, तोच कमजोर असला की गुडघा बोंबलतो. नुसतं कटकट वाजतं पण दुखत नाही, असं असेल तर सोडून द्या, "वंगण संपलं" वगैरे काही नसतं.

उतरताना दुखरा पाय आधी खाली, चढताना चांगला पाय आधी वर, एवढं पाठ करा. धप्पधप्प उतरू नका. पर्वतीच्या पायऱ्या रुंद आहेत, दोन्ही पाय एका पायरीवर आणून मग पुढची घ्या, मागचे काका ओव्हरटेक करून जातील, जाऊ देत. सिंहगडाला काठी घेताय तर ती दुखऱ्या बाजूच्या उलट हातात, हे जवळपास सगळ्यांचं चुकतं.

खरं काम घरी आहे. सतरंजीवर पाय लांब करून बसा, टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवा आणि ती खाली दाबा, वाटी वर सरकते आणि मांडी कडक होते, हात लावून बघा. ५ आकडे मोजा, सोडा, असं १० वेळा. मग कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवून उचला, पाय पुढे आला तर ती चीटिंग. हा खुब्याच्या बाजूचा स्नायू, तो ढिला पडला की पायरी उतरताना गुडघा आत वळतो. दीड-दोन महिने तरी करा, चार दिवसांत फरक मागू नका.

अजून एक, खुब्याचा सांधा बिघडला की बऱ्याचदा जांघेत दुखतं आणि कधीकधी चक्क गुडघ्यातच, त्यामुळे गुडघ्याच्या एक्सरेत काही सापडलं नाही तर डॉक्टरांना खुबा पण बघायला सांगा.

गुडघा पिरगळून दोन-तीन तासांत टम्म फुगला, अडकून सरळच होईना किंवा पायावर भारच देता येईना, तर व्यायाम बंद आणि ऑर्थोपेडिककडे जा. लाल-गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी. आणि ताज्या सुजेवर कुणाकडून चोळून घेऊ नका प्लीज, तोवर फडक्यात गुंडाळून १५ मिनिटं बर्फ.