पावसाळ्यात मोटरहोम उभी करताय? या चुका टाळा

परदेशी व्हिडिओ बघून थंडीत मोटरहोम, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेली गाडी, बंद करून ठेवायची टूम आपल्याकडेही आली आहे. पाइपात अँटिफ्रीझ घाला, नळ गोठू देऊ नका, वगैरे. बेळगावात हुडहुडी भरते हे खरं, पण पाइपातलं पाणी काही गोठत नाही. उलट दिवाळीनंतर तर आपला फिरायचा हंगाम सुरू होतो. चोर्ल्यातून गोवा, नाहीतर सौंदत्ती, बदामी. गाडी उभी राहते ती जून ते सप्टेंबर, आणि तेव्हा तिची वाट लावते ती ओल.

सगळ्यात मोठी चूक ताडपत्रीची. खानापूर, जांबोटी, कणकुंबी पट्ट्यात आठवडाआठवडा ऊन दिसत नाही. तिथे निळी ताडपत्री घट्ट आवळून बांधली की आतली दमट हवा आतच कोंडते आणि गाद्यांना, पडद्यांना बुरशी धरते. वाऱ्याने ताडपत्री घासून रंग जातो तो वेगळाच. वर पत्र्याची शेड आणि बाजू मोकळ्या, हे उत्तम. ते जमत नसेल तर हवा खेळेल असं कापडी कव्हर घ्या. गाद्या घरात आणा. कपाटांची आणि फ्रिजची दारं किलकिली ठेवा.

पण टप गळत असेल तर यातलं काहीच उपयोगाचं नाही. सोलर पॅनेलचे स्क्रू, व्हेंटची कड, एसीची चौकट, पाणी शिरतं ते इथून. मे महिन्यातच टपावर पाइपने पाणी सोडा आणि आत बसून बघा. कोपऱ्यातला प्लायवूड अंगठ्याने दाबा. मऊ लागला तर पाणी आधीच पोचलंय. जुन्या, तडकलेल्या सीलंटवर नवीन सिलिकॉन फासून देणारे मेस्त्री भेटतात. ते धरत नाही. जुनं खरवडून, जागा कोरडी करूनच नवं भरायला सांगा. गाडी किंचित उतारावर उभी केली तर टपावर पाणी साचत नाही.

बॅटरीच्या बाबतीत लोक दर रविवारी पाच मिनिटं इंजिन चालवतात आणि समाधान मानतात. एवढ्यात बॅटरी नीट भरत नाही, सायलेन्सरमध्ये मात्र पाणी साचतं. चालवायची तर १५-२० किलोमीटर फिरवून आणा. ते होणार नसेल तर पूर्ण चार्ज करून आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह वायर काढा आणि महिन्याने व्होल्टमीटर लावून बघा. १२ व्होल्टची साधी लेड-ॲसिड बॅटरी भरलेली असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.४ वर आली की पुन्हा चार्जिंगला लावा. रिकामी पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि ती बॅटरी गेलीच म्हणा. लिथियमचं उलटं आहे, ती अर्ध्याच्या आसपास चार्ज ठेवलेली बरी.

हँडब्रेक ओढून ठेवू नका. दमट हवेत ब्रेक शू ड्रमला चिकटतात. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना लाकडी ठोकळे लावा. डिझेलची टाकी भरून ठेवा, रिकाम्या जागेत बाष्प धरतं. पाण्याच्या दोन्ही टाक्या, स्वच्छ आणि सांडपाण्याची, मात्र पूर्ण रिकाम्या करा आणि गॅस सिलिंडर काढून घ्या. चिकोडी-निपाणीकडे उसाच्या फडाशेजारी गाडी असेल तर उंदरांचं बघा. आत चिवड्याचं पाकीटसुद्धा राहू देऊ नका, वायरिंग कुरतडायला त्यांना तेवढं निमित्त पुरतं.

गाडी उभीच आहे म्हणून विमा संपू देणारेही आहेत. मुदत संपून ९० दिवस गेले की नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो.

खंडेनवमीला हार घालायच्या आधी टायरची हवा, ब्रेक ऑइल आणि डिझेल फिल्टरमधलं पाणी तपासा. पहिली फेरी काकतीपर्यंत सपाट रस्त्यावर करा, ब्रेक दोन-चारदा दाबून बघा. चोर्ला घाट त्यानंतर.