कपड्यावर सांडलेलं मेण: पाणी सगळ्यात शेवटी

मेणबत्ती कलंडली की आपण आधी ओलं फडकं शोधतो, आणि डाग बिघडतो तो तिथेच. गरम मेण पुसलं तर पसरतं आणि धाग्यांत आणखी खोल मुरतं. पाण्यात ते विरघळत नाही, त्यामुळे कपडा भिजत घालूनही उपयोग नाही. तसाच मशीनमध्ये गरम पाण्यावर लावला तर मेण वितळून बाकीच्या कपड्यांना चिकटतं आणि पाणी निघायच्या नळीत जाऊन गोठतं. म्हणून हात न लावता मेण आधी पूर्ण घट्ट होऊ द्या.

सुती कुर्ता, अभ्रा, टेबलक्लॉथ असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा. पडदा, सतरंजी फ्रीझरमध्ये मावत नाही. तिथे बर्फाचे खडे पिशवीत बांधून 10-15 मिनिटं डागावर ठेवायचे. मग कपडा दोन्ही हातांनी धरून डागापाशी वाकवा. खपली तडकते आणि बरीचशी आपोआप सुटते. उरलेली चमच्याच्या कडेने किंवा जुन्या एटीएम कार्डाने कडेकडून मधे खरवडा. धारदार सुरीने धागे तुटतात. मेण पुन्हा मऊ पडायला लागलं तर थांबा आणि परत थंड करा.

आता धाग्यांत शिरलेलं मेण. घरातली साधी मेणबत्ती साधारण 50 ते 65 अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे इस्त्रीचा सगळ्यात कमी आकडासुद्धा पुरतो. वाफ बंद हवी. खाली जुना टॉवेल, त्यावर कागद, त्यावर डाग खाली येईल असा पालथा कपडा आणि वर पुन्हा कागद. कागद खाकी घ्या, आतून प्लास्टिकचा थर नसलेला, किंवा साधा किचन टिशू. वर्तमानपत्र अजिबात नको, त्याची शाई कपड्यावर उतरते. इस्त्री फिरवू नका, 5 ते 10 सेकंद टेकवा आणि उचला. कागदावर तेलकट, आरपार दिसणारा ठिपका उमटेल. पुढच्या वेळी दोन्ही कागदांची कोरी जागा डागावर आणा, नाहीतर शोषलेलं मेण परत कपड्यात जातं. कागद कोरा निघेपर्यंत हे करायचं. दोन-तीन कागदांनंतर कंटाळून सोडून दिलं की धुतल्यावर तिथे तेलकट डाग दिसतो, आणि मग मेण गेलं नाही असं वाटतं.

एवढं झाल्यावर कोरड्या कपड्यावरच भांडी धुण्याच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब बोटाने हलके चोळा, 10 मिनिटं ठेवा आणि कपड्याला सोसेल तितक्या गरम पाण्यात धुवा.

लाल, जांभळ्या मेणबत्तीचा रंग वेगळा त्रास देतो. इस्त्रीच्या उष्णतेने तो पक्का बसू शकतो, म्हणून इथे खरवडण्यावरच जास्त वेळ द्या आणि इस्त्री थोडकीच करा. उरलेल्या रंगासाठी पांढऱ्या फडक्यावर सर्जिकल स्पिरिट घेऊन टिपत राहा, घासू नका. त्याआधी आतल्या शिवणीवर एक थेंब लावून कपड्याचा स्वतःचा रंग जात नाही ना, ते पाहा. स्पिरिट पेट घेतं. ज्योत दूर ठेवा आणि कपडा पूर्ण वाळल्याशिवाय इस्त्री लावू नका. रॉकेल, पेट्रोल वापरायची तर गरजच नाही: वास लवकर जात नाही आणि धोका मोठा.

मखमलीवर इस्त्री टेकवली की लव कायमची दबते. तिथे हेअर ड्रायरने मेण मऊ करून टिशूने टिपा. लोकर चोळू नका आणि गरम पाण्यात घालू नका, ती आटते. जेल मेणबत्तीतला जेल बहुतेक खनिज तेलाचा असतो आणि गोठवून कडक होत नाही. तो चमच्याने उचलून घ्या आणि पुढे तेलाच्या डागासारखंच लिक्विड लावा.

पैठणी किंवा कुठलीही रेशमी साडी असेल तर फक्त बर्फाची पिशवी वापरा, तीही कोरड्या फडक्यात गुंडाळून, कारण पिशवीवर जमलेल्या पाण्याचाही रेशमावर डाग राहतो. सैल झालेली खपली नखाने अलगद काढा. जरीच्या काठाला चमचासुद्धा लावू नका, जरीची तार उसवते. तिथून पुढे साडी ड्रायक्लीनरकडे द्यायची, आणि देताना मेणाचा डाग आहे, मेणबत्तीचा रंग कोणता होता आणि घरी काय लावलं होतं, हे सांगून द्यायचं.