शहरासाठी छोटी इलेक्ट्रिक हॅचबॅक पारखताय? या चुका टाळा

पेट्रोलच्या गाडीने आपल्याला किलोमीटरमध्ये विचार करायची सवय लावली आहे: लिटरला किती धावते, टाकी केवढी. शहरात सिग्नल-सिग्नलवर रखडणाऱ्या छोट्या इलेक्ट्रिक गाडीला हे माप पुरत नाही. तिची बॅटरी अंतराने संपते, तशी वेळेनेही संपते. गाडी निवडताना होणाऱ्या बऱ्याच चुकांचं मूळ इथे आहे.

जाहीर रेंजमधून सरसकट तीस टक्के वजा करणं

हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो ढोबळही धड नाही. डब्ल्यूएलटीपी या रेंज मोजायच्या प्रमाणित चाचणीचं एक चक्र बहुतेक गाड्यांसाठी सुमारे २३ किमीचं असतं, अर्ध्या तासात संपतं आणि त्याचा सरासरी वेग ताशी साडेशेहेचाळीस किमी पडतो. एसी बंद असतो. काही कंपन्या वेगळी ‘शहरी रेंज’ छापतात. ती आणखी मोठी दिसते, कारण तिच्यातून वेगाचे टप्पे गाळलेले असतात. एसी तिथेही बंदच.

आता हिशोब मांडू. वापरता येण्याजोगी बॅटरी २४ युनिटची (एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास) आणि गाडी चालवायलाच किलोमीटरमागे १०० वॉट-तास लागतात असं धरा. रेंज झाली २४० किमी. उन्हाळ्यात एसी सरासरी एक किलोवॉट ओढतो. सरासरी वेग ताशी ५० असेल तर एसीपायी किलोमीटरमागे २० वॉट-तास वाढतात आणि रेंज २०० वर येते. वेग २० असेल तर वाढतात ५०, रेंज १६०. आणि वेग १० वर आला की एसी गाडीइतकीच वीज खातो. रेंज थेट निम्मी, १२० किमी. गाडी तीच, बॅटरी तीच, एसीही तोच. थंड हवेत साधा रेझिस्टन्स हीटर सुरुवातीला तीन किलोवॉट सहज घेतो, म्हणजे हिशोब आणखी बिघडतो. तिथे हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारी, कमी वीज खाणारी यंत्रणा) आहे का, हा प्रश्न टचस्क्रीनच्या आकाराआधी विचारायला हवा.

उलट, ट्रॅफिकमध्ये अडकून बॅटरी संपेल ही भीती मात्र फुकाची आहे. जागच्या जागी तासभर एसी चालवला तरी २४ पैकी जेमतेम युनिट-सव्वा युनिट जातं.

म्हणून आधी स्वतःचा सरासरी वेग काढा. सध्याच्या गाडीच्या ट्रिप मीटरवर आठवडाभराचे किलोमीटर आणि लागलेले तास पाहिले की तो कळतो. बहुतेकांना वाटतो त्यापेक्षा तो बराच कमी निघतो.

पंधरा मिनिटांची टेस्ट ड्राइव्ह

स्क्रीनवरची उरलेली रेंज म्हणजे आधीच्या चालकाच्या पायाचा इतिहास. ती पाहून काही ठरवू नका. ट्रिप मीटर शून्य करा, एसी २४ अंशांवर लावा आणि नेहमीच्या रस्त्यावर नेहमीच्या गर्दीच्या वेळी जाऊन निघालात त्याच जागी परत या, म्हणजे चढ-उताराचा हिशोब आपोआप फिटतो. गाडी स्वतः सरासरी वापर दाखवत नसेल तर टक्क्यांवरून काढा: बॅटरी २० टक्के उतरली, अंतर ३६ किमी झालं, तर २४ युनिटचे २० टक्के म्हणजे ४.८ युनिट, भागिले ३६; किलोमीटरमागे साधारण १३३ वॉट-तास.

पाच टक्के उतरल्यावर थांबलात तर आकडा कुचकामी. स्क्रीन पूर्ण टक्केच दाखवते, त्यामुळे ‘पाच’ म्हणजे चार ते सहा काहीही असू शकतं आणि उत्तरात वीस टक्क्यांची चूक शिरते. वीस टक्के उतरू दिली तर तीच चूक पाच टक्क्यांवर येते. एवढा वेळ द्यायला विक्रेता कुरकुरतो. गाडी दिवसभरासाठी भाड्याने मिळत असेल तर तेच बरं. भागाकारात बॅटरीची एकूण क्षमता नव्हे, वापरता येणारी क्षमता घ्या; दोन्हींत फरक असतो.

पूर्ण चार्ज गाडीवर रीजनचं मत बनवणं

रीजन म्हणजे वेग कमी होताना मोटरने वीज बनवून बॅटरीत परत पाठवणं. शोरूमची गाडी बहुधा १०० टक्क्यांवर उभी असते. भरलेल्या बॅटरीला परत येणारी वीज घ्यायला जागा नसते, त्यामुळे ॲक्सिलरेटर सोडल्यावर गाडी मोकळी घरंगळते आणि ‘रीजन कमजोर आहे’ असा शेरा मारला जातो. बॅटरी फार गार असतानाही असंच होतं. ५० ते ७० टक्क्यांवर चालवून पाहा. ताशी दहाच्या खाली मोटर सोडून खरे ब्रेक पकडतात त्या क्षणी पेडलखाली झटका जाणवतो का, हे नीट तपासा. बंपर-टू-बंपर गर्दीत दिवसातून शंभरदा तोच अनुभव येणार आहे. चढावर ब्रेक सोडून गाडी मागे सरकते का तेही बघा.

रीजनमुळे ब्रेक कमी वापरले जातात, म्हणून डिस्कवर गंज साचतो आणि सकाळी खरखर ऐकू येते. मागे कोणी नसताना आठवड्यातून दोन-चारदा जोराने ब्रेक लावले की बहुतेकदा ती जाते. मागच्या चाकांना डिस्कऐवजी ड्रम दिसले तर नाक मुरडू नका. फोक्सवॅगनने आयडी.३लाही मागे ड्रमच दिले आहेत. बंदिस्त असल्याने ते गंजाला कमी बळी पडतात.

मागच्या सीटवर न बसणं

बॅटरी जमिनीखाली असते. मूळ पेट्रोलसाठी बनलेल्या गाडीत ती बसवली की कधीकधी मागचा फ्लोअर उंचावतो, गुडघे वर येतात आणि मांड्या अधांतरी राहतात. दोन मिनिटांत हे कळत नाही, वीस मिनिटांत कंबर सांगते. डिकी उघडून स्टेपनी आहे की नुसतं पंक्चर किट, तेही बघा. वळण्याची त्रिज्या मात्र कागदावर वाचून भागतं: पाच मीटरच्या आत असेल तर गल्लीत सोय. मोटर मागे टाकल्याने पुढची चाकं जास्त वळू शकलेल्या होंडा ई मध्ये ती ४.३ मीटर होती.

चार्जिंगचा विचार गाडी घरी आल्यावर

मोठ्या चार्जरचा अट्टहास बहुतेकांना गरजेचा नसतो. २३० व्होल्टवर १० ॲम्पिअर म्हणजे २.३ किलोवॉट. रोज ४० किमी, किलोमीटरमागे १५० वॉट-तास, म्हणजे सहा युनिट; चार्जिंगमधली दहा-पंधरा टक्के गळती धरूनही तीन तासांत काम होतं.

अडतं ते सॉकेटपाशी. इस्त्री किंवा मिक्सर काही मिनिटं करंट ओढतो, गाडी तासन्‌तास. सैल टर्मिनल, बारीक वायर किंवा गुंडाळून ठेवलेली एक्स्टेन्शन केबल अशा वेळी तापते, प्लग वितळतो. पहिल्या दिवशी तासाभराने प्लगला हात लावून बघा: कोमट ठीक, हात ठेववत नसेल तर चार्जिंग थांबवून इलेक्ट्रिशियन बोलवा. मीटरपासून स्वतंत्र तांब्याची लाइन, त्यावर स्वतःचा एमसीबी (जास्त करंट झाला की पडणारा स्विच) आणि ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच) हवाच.

चार्जरवर लाल दिवा लागला की गाडीला दोष दिला जातो. आधी अर्थिंग तपासा. अर्थ नसेल तर बहुतेक पोर्टेबल चार्जर सुरूच होत नाहीत, आणि ही तपासणी चकवणारे जुगाडी प्लग जीवावर बेतू शकतात. मध्यरात्री चार्जिंग बंद पडत असेल तर १६ ॲम्पिअरचा एमसीबी बंद डबीत तापून पडतोय का पाहा. करंट १० ॲम्पिअरवर आणला की अनेकदा प्रश्न सुटतो, पण तरीही पडत राहिला तर लाइन तपासून घ्या.

बॅटरीची जात न विचारणं

एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) असेल तर अधूनमधून १०० टक्के भरावीच लागते, कारण तिचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट राहतं आणि गाडीचा टक्क्यांचा अंदाज हळूहळू चुकत जातो. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) असेल तर रोज ८० टक्क्यांवर थांबवलेलं बरं. शेजाऱ्याचा सल्ला त्याच्या बॅटरीचा असतो, तुमच्या नव्हे, मॅन्युअल बघा. वॉरंटीत वर्षांइतकीच ‘क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यावर’ ही ओळ महत्त्वाची.

‘गाडी मेली’ म्हणून टो करणं

स्क्रीन काळी, दरवाजे उघडेनात किंवा एकाच वेळी पाच-सहा इशारे पेटले, तर संशयित नेहमीची छोटी १२ व्होल्टची बॅटरी. मोठी बॅटरी भरलेली असली तरी तिला गाडीशी जोडणारे काँटॅक्टर, म्हणजे मोठे स्विच, जुळवायला याच छोट्या बॅटरीची वीज लागते. गाडी बंद करून काही तासांनी मल्टिमीटर लावा: लेड-ॲसिड असेल तर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, ११.८ च्या खाली रिकामीच. जंपर केबल कुठे लावायची ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. उच्च व्होल्टेजच्या नारिंगी वायरींना मात्र हात लावायचा नाही.